कुरडयांचा पहारा

माई, आज छतावर कुरडया घातल्यात. मनात मी अजून गच्चीच म्हणते, पण तोंडून छत येतं. इतकी वर्षं काशीत काढल्यावर दुसरं काय होणार? गहू भिजत घातले तेव्हापासूनच तुमची आठवण येत होती. आज पहाटे चीक शिजवला, सोऱ्या दाबून दाबून दंड भरून आले, आणि सगळं झाल्यावर जिन्याच्या छपराच्या सावलीत टेकले तेव्हा वाटलं, आता लिहूनच टाकावं. काठी शेजारी आहे. समोरच्या कठड्यावर माकडांची मंडळी येऊन बसली आहे आणि आमचं तुमच्या कुरडयांकडे लक्षच नाही असा चेहरा करून एकमेकांच्या उवा काढते आहे. त्यांचे आजे-पणजे तुमच्या चांगल्या ओळखीचे होते.

बँका सरकारी झाल्या त्यानंतरच्या वर्षांत मी इथे आले. बदली मीच मागून घेतली होती. आई गेली होती, साताऱ्यातलं घर खायला उठत होतं, आणि काशीला जागा रिकामी आहे म्हटल्यावर मी पुढचा-मागचा विचार न करता अर्ज केला. दूधविनायकाच्या गल्लीत मराठी कुटुंबं आहेत, तिथे खोली मिळेल, असं कुणीतरी सांगितलं आणि मी तुमच्या दारात ट्रंक घेऊन उभी राहिले. तुम्ही वरची खोली दिलीत. पण ज्याला झोप येत नाही त्याने काशीच्या गल्लीत खोली घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पहाटेच्या घंटा, घाटाकडे निघालेले यात्रेकरू, दारात अडून बसलेली गाय, तिला हाकलणारे लोक, आणि अधूनमधून 'राम नाम सत्य है' करत जाणारी माणसं. एकही आवाज माझ्या कानातून सुटायचा नाही.

मला झोप का येत नाही ते मी तुम्हाला पुष्कळ उशिरा सांगितलं. आई बरीच वर्षं अंथरुणावर होती आणि शेवटी शेवटी तिचा आवाज इतका बारीक झाला होता की हाक ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणून तिने नुसती कूस बदलली तरी उठायचं, अशी मी कानाला सवय लावली होती. मग आई गेली. पण माझ्या कानाला ते कुणी सांगितलंच नाही. तो आपला उशीवर जागाच. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची नाही, गुंगी यायची, आणि बँकेत काउंटरवर लोकांना मला आपलं नाव दोन-दोनदा सांगावं लागायचं. एका गिऱ्हाइकाने तर मला तोंडावर विचारलं होतं की मॅडम, तबियत ठीक आहे ना.

तुमच्याकडे सकाळी बायका ध्यानाला बसायच्या ते मी जिन्यावरून बघत असे. तुमच्या धाकट्या जाऊबाई, ज्यांना सगळे काकू म्हणत, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी. अहिल्याबाई घाटावर एक म्हातारी संन्यासिनी राहायची, तिच्याकडून तुम्ही हे शिकलात एवढंच तुम्ही सांगायचा, त्यापुढे काही नाही. एक दिवस मी धीर करून म्हटलं, मलाही शिकायचंय. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत. सगळ्यांना चटई दिलीत आणि खोलीच्या मधोमध, टेकू न घेता, ताठ बसवलंत. मला मात्र एक जाड गोधडी दिलीत आणि कोपरा दाखवलात. "तू तिकडे बैठ. भिंतीला टेक." मला फार लागलं ते. पहिल्याच दिवशी माझी पायरी दाखवली असं वाटलं.

बाकीच्यांना काय काय व्हायचं. शाळेच्या बाईंना कपाळात निळा उजेड दिसायचा. काकूंना शंख ऐकू यायचा. मला भाजीवाला ऐकू यायचा. काही महिने असे गेल्यावर मी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. तुम्ही पडवळ चिरत होतात.

"माई, मला काही दिसत नाही."

"इथं काय सिनेमा लावलाय? बघायचंय काय?"

"मग नुसते आवाज येतात त्यांचं काय करू? कान मिटता येत नाहीत."

तुम्ही विळीवरून मान वर केली नाहीत. "कशाला मिटायचे? पोर येऊन गोष्ट सांगायला लागतं तेव्हा आपण काय करतो? भाजी चिरता चिरता हूं म्हणतो. तसं म्हण. घंटा वाजली, हूं. गाय ओरडली, हूं. जास्त परेशान होऊ नको. आपण ऐकतोय म्हटलं की पोर आपोआप निघून जातं."

मला हे शिकवणं फार घरगुती वाटलं. मी साताऱ्याच्या वाचनालयातली जाड पुस्तकं वाचून आले होते; कुंडलिनी, चक्रं, सगळं मला तोंडपाठ होतं. त्यात पडवळाचा उल्लेख कुठेच नव्हता.

आणि मग कुरडयांचा तो रविवार. काकूंच्या मुलीचं लग्न इंदूरच्या घरात ठरलं होतं. रुखवतात कुरडया हव्यात, त्याही पांढऱ्याशुभ्र हव्यात, असा काकूंचा हट्ट, आणि विकत आणायच्या तर त्या काळी काशीत मिळणार कुठे? सगळ्या घराने खपून चीक केला होता. पहाटे छतभर जुनी धोतरं अंथरून कुरडया घातल्या. मग तुम्ही माझ्या हातात काठी दिलीत. "इथं सावलीत बैठ. बंदर आले की डंडा आपट. बाकी काही करू नको."

मला शहाणपण सुचलं. मी म्हटलं, "माई, मन म्हणजेसुद्धा माकडच, नाही का?"

"बंदर म्हणजे बंदर. कुरडई खातो तो. मनाला कुरडई लागत नाही. डंडा धर."

तुम्ही खाली गेलात, पण मी कुठली ऐकायला. गुरूने शिष्याला एकटं बसवलं, हातात दंड दिला, याचा अर्थ परीक्षा असणार, अशी माझी खात्री झाली. भिंतीला टेकून पाठ ताठ केली, डोळे अर्धे मिटले आणि येईल त्या आवाजाला हूं म्हणायला लागले. खाली नळावर काकू भांडी आपटत होत्या, हूं. घाटाकडून नावाड्याची हाक आली, हूं. कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या, हूं. कठड्यावर काहीतरी धपकन पडलं. त्यालाही मी हूं म्हटलं असणार.

डोळे उघडले तेव्हा सावली सरकून ऊन माझ्या पायांपाशी आलं होतं, पण तोंडावर नव्हतं. ज्या बाजूने ऊन येत होतं तिथे तुम्ही बसला होता, एका हाताने पदर माझ्या डोक्यावर धरून. माझी काठी तुमच्या मांडीवर होती. आणि समोर धोतरांवर माकडांची पंगत बसली होती, अगदी सावकाश, लग्नघरात बसावी तशी. एका पिलाच्या कानात कुरडई अडकली होती आणि त्याची आई ती काढून खात होती. काकूंच्या रुखवतातलं फार काही उरलं नव्हतं.

"माई," मी किंचाळलेच, "काठी!"

"हळू बोल."

"काठी आपटायची ना!"

"आपटली असती तर तू उठली असतीस."

मी विचारलं, "कधीपासून बसलाय?"

"पहिला उतरला तेव्हापासून," तुम्ही म्हणालात, आणि आखडलेला हात खाली घेऊन चोळायला लागलात.

मी रडले, माई. आई गेली तेव्हाही असं रडले नव्हते. जागं राहायचं काम आपलं, आपण डोळे मिटले की कुणाचं तरी काहीतरी होणार, हे मी इतकं धरून चालले होते की दुसरं कुणी माझ्यासाठी जागं बसू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही मला जवळ घेतलं वगैरे नाही. उरलेल्या कुरडया गोळा करायला लावल्यात.

तेवढ्यात काकू वर आल्या. त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. "ध्यानाची एवढी हौस होती तर घाटावर जाऊन बसायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीचं रुखवत बंदरांना वाढायचं काय कारण होतं?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, काकू, ध्यान नाही, झोपले होते मी. पण काकूंचा त्यावर विश्वासच बसेना. माझ्या खोलीतला दिवा रात्र रात्र जळतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. जिला अंधारात, मऊ गादीवर झोप येत नाही, ती भर उन्हाळ्यात छतावर, बंदरांच्या धिंगाण्यात झोपेल कशी? त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नमस्कार करून खाली गेल्या. संध्याकाळपर्यंत बँकेवालीला समाधी लागली हे गल्लीभर झालं.

मी किती जणींना सांगितलं की अहो झोप हो, साधी झोप. पण जितकं नाही म्हणावं तितकी माझी नम्रता वाढायची. जिन्यात एक आजीबाई पाया पडल्या तेव्हा मी रडकुंडीला येऊन तुमच्याकडे धावले. तुम्ही हसून म्हणालात, "म्हणू दे त्यांना. तू आपली नाही म्हणत राहा." कुरडया आम्ही सगळ्यांनी पुढच्या रविवारी पुन्हा घातल्या, आणि या वेळी काकूंनी स्वतः मला पाट आणून दिला. पहाऱ्याला मात्र तुम्ही बसलात. इंदूरकरांनी रुखवताची तारीफ केली, असं काकू पुढे कितीतरी वर्षं सांगायच्या.

त्या दिवसापासून सगळं छान झालं असं नाही. रात्री मी जागीच असायची. पण सकाळी भिंतीला टेकले आणि तुमचं खाकरणं ऐकू आलं की डोळा लागायचा. तुम्ही कुणाला मला उठवू दिलं नाहीत. मी घोरायचेसुद्धा. शाळेच्या बाईंनी तो अनाहत नाद आहे असं ठरवून टाकलं आणि तुम्ही फक्त खिडकीबाहेर बघत बसलात. हळूहळू रात्रीचीही झोप आली. गोळ्या सुटल्या. पुढे मला तुमच्यासारखं नुसतं शांत बसणंही थोडंफार जमायला लागलं, आणि त्या बसण्यात अजून उजेड दिसलेला नाही, पण त्यावाचून माझं काही अडत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी उशाशी होते. थंडीचे दिवस होते. तुमचा श्वास ऐकत होते, आणि माई, त्या वेळी मी घाबरले नव्हते. दुपारी सगळं आटोपून घाटावरून परत आले, आंघोळ केली आणि गाढ झोपले. काकू मागाहून म्हणाल्या, दगड आहे ही. तुम्हाला ते ऐकून बरं वाटलं असतं.

आता घर तुमच्या पुतण्याचं आहे, तो पुण्याला असतो, आणि मी अजून वरच्या खोलीची भाडेकरूच आहे. सकाळी माझ्याकडे चार-पाच जणी बसायला येतात. तुमच्या पत्त्यावर हे पत्र टाकलं तर पोस्टमन जिना चढून माझ्याच हातात देईल, तेव्हा टाकण्यात अर्थ नाही. या चार-पाच जणींत एक मुलगी आहे, इथल्याच मराठी घरातली, दवाखान्यात नर्स आहे. सतत रात्रपाळी. आमच्या वेळी हिंदी शब्द मराठीत यायचे, हिच्या हिंदीत मराठी शब्द येतात. परवा म्हणाली, "ताई, माझा ध्यान लागतच नाही. आणि घरी लेटली तरी नींद येत नाही. वाटतं, कुणी पेशंट आवाज देतोय." मी गोधडी काढली आणि तिला म्हटलं, तू तिकडे बस, भिंतीला टेक. बोलून गेले आणि माझेच शब्द मला ऐकू आले. तुम्ही मला कोपऱ्यात का बसवलंत, ते मला परवा कळलं. मी ध्यान शिकायला आले होते असंच मी सगळ्यांना, स्वतःलाही सांगत आले. तुम्हाला मात्र पहिल्याच दिवशी दिसलं होतं की हिला ध्यान नको, झोप हवीय.

आज मी तिला कुरडयांना बोलावलं. काम झाल्यावर म्हटलं, जरा बस इथे, बंदर आले तर काठी आपट. आता ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपली आहे. तिच्याकडचं ऊन मी माझ्या छत्रीने अडवलंय, पदर धरण्याइतका जोर आता हातात नाही. समोरचा पहिला उतरला, माई. धोतराच्या कडेला बसून माझ्याकडे बघतोय. काठी माझ्या मांडीवर आहे आणि ती तिथेच राहणार आहे.

पण एक सांगून टाकते. ही झोपणार हे मला ठाऊक होतं, म्हणून अर्ध्या कुरडया मी सकाळीच खाली नेऊन पंख्याखाली वाळत घातल्या. तुम्ही सगळ्या वर ठेवल्या होत्यात.