निघायची परवानगी

प्रिय आई,

मी टास्मानियात मजेत आहे. थंडीला तुझा स्वेटर पुरतो. तुझ्या पायाची सूज उतरली का?

वृद्धाश्रमातलं शिबिर आज संपलं. देशोदेशींच्या माझ्या स्वयंसेवकांना मी आपली फिजीची रीत शिकवली होती. म्हाताऱ्यांसमोर जमिनीवर बसून आम्ही निघायची परवानगी मागितली. सगळे हसले. मेव्हिस आजी मात्र म्हणाल्या, "नाही देत, जा! इतकी पोरं आली नि गेली, विचारलं कुणीच नाही. तू विचारलंस ना? मग ऐक, नाही!"

"पुढच्या वर्षी येते की," मी म्हटलं. शिबिरं कायमची बंद झालीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

बस आली, तशी आम्ही निघालो.

आई, घरून निघताना मी तुझ्यासमोर बसलेच नाही. तू नाही म्हणशील, याची भीती होती.

तुझीच,
लितिया