दोनची सही

मंगळवार संध्याकाळ, बडनेरा

डोकं अजून तापलेलंच आहे. वॉर्डातल्या फुलवाल्या काकूंचा हात सलाईनने कोपरापर्यंत सुजला, बांगड्या मनगटात रुतल्या. दुपारपासून त्या सांगत होत्या, "सिस्टर, हात लय दुखून राहिला वो." आणि आमची नवी सिस्टर वंदना लांबूनच म्हणत होती, "सलाईन चालू आहे ना, काकू!"

पाच वाजता, दर तासाला सुईची जागा पाहून भरायचा तक्ता पाहिला, तर सहा आणि सातच्या रकान्यांतही तिच्या अक्षरात 'सूज नाही'. म्हणजे ड्यूटीवर येताच सगळं भरून मोकळी!

सुई मी काढली. बांगड्या साबण लावून उतरवल्या, तरी एक वाढवावीच लागली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग वंदनाला सगळ्यांसमोर झापलं. कामात जीव नाही, स्वतःहून उठून पाहायचं नाही, मग हात बसणार कसा तुझा?

ती हळूच म्हणाली, "मॅडम, पहिल्या दिवशी तुमीच तं सांगितलं, तपासणीवाले कागद पायतात, पेशंट नाई."

सांगितलं होतं. आणि मघापासून लिहायचं टाळते आहे ते हे, की त्या तक्त्याखाली इन्चार्ज म्हणून माझी सही होती. दुपारी दोनलाच केलेली.