नव्या धानाचा पहिला घास

नागपूर, नोव्हेंबर २००६

आईच्या पायाशी प्रीतमचा नमस्कार.

कॅन्सरच्या गाठीनं बाबाची अन्ननळी बंद केली होती, तिथं काल डॉक्टरनं जाळीची नळी बसवली. तिच्यातून गाठीवर दवाई झिरपत राहते म्हणे. इलाज नवीन हाय, किती चालंल हे डॉक्टरलेही सांगता येत नाही. पण आज बाबानं चमचाभर पेज गिळली. तू घाबरू नको.

तिकडं गावी, लामत्याले, नवं धान घरी आलं का? लहानी नूतन शाळेत जाते ना?

बाबाच्या आधी नवा भात आपल्या घरी कोणी तोंडात घेत नाही. आज बाबा म्हणाले, "आईले लिही, यंदा माह्यासाठी थांबू नका. खाऊन घ्या."

आई, खाऊ नका. जुन्या तांदळाचाच भात शिजवा. बाबाले घेऊन येतो, तवर थांबा.

तुहा,
प्रीतम