अक्काची एकादशी

माय, आज अक्काचा शेवटचा दात काढून आणला. खामगावच्या डॉक्टरनं तो कापसावर ठेवून मला दाखवला. आतून पोकळ, काळा, कीड लागलेल्या ज्वारीच्या दाण्यासारखा. "आता दुखायला काही उरलं नाही," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. परतताना एसटीत अक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला सारखी तुझी आठवण येत होती. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिच्या तोंडाचं काही सांगायचं झालं की मला अजून तूच लागतेस.

आपली चूल डोळ्यांपुढे येते. तू भिंतीला पाठ लावून बसली आहेस, अक्का तुझ्या मांडीवर. जन्मापासून तिचे पाय लाकडासारखे, हात आत वळलेले, बोल कधी फुटला नाही. माझ्याहून मोठी, तरी तुझ्या मांडीवरून कधी उतरली नाही. तू भाकर दुधात कुस्करतेस. आधी एक घास तुझ्या तोंडात जातो, मग तिच्या. तू खाल्ल्याशिवाय ती ओठ उघडत नसे. एकादशीला तुझा उपास पाण्यावरचा. त्या दिवशी तू नुसतंच रिकामं तोंड हलवायचीस आणि ती बिचारी फसायची. तिचं अंग तू रोज पुसायचीस, केस विंचरायचीस. दातांना मात्र कुणी हात लावला नाही. एकदा तू राखुंडी लावायला गेलीस तेव्हा तिनं तुझं बोट करकचून चावलं. तेव्हापासून ते राहूनच गेलं. आणि ती रडायला लागली की तू तिच्या गालात गुळाचा खडा ठेवायचीस. खडा विरघळेपर्यंत घर शांत असायचं.

महाराष्ट्र होऊन एक-दोन पावसाळे झाले असतील. श्रावणातल्या एकादशीला तू रिकामं तोंड हलवलंस आणि अक्कानं ओठ मिटून मान भिंतीकडे फिरवली. पुन्हा हलवलंस, पुन्हा तेच. तू माझ्याकडे वळलीस तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. "पाह्य रे, तिले समजलं. आज एकादस हाय म्हून खात नाही माही पोरगी." दुसऱ्या दिवशी पारण्यालाही तिनं तोंड उघडलं नाही. मग शेजारची म्हातारी येऊन म्हणाली, "तुह्या पोरीनं तुले मांगं टाकलं वो! तू जनमभर उपास केले, पण बारस आली का भाकरीवर तुटून पडत होती." तू हसलीस. तुला असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. हळूहळू बाया येऊ लागल्या. कुणी नारळ ठेवला, कुणी तिच्या वळलेल्या पायांवर डोकं टेकवलं. जिला पाहून गरोदर बाया तोंड फिरवायच्या, तिच्या कपाळाला आता हळदकुंकू लागत होतं. तिचा गाल तापून लाल झाला होता. त्याला तू तेज म्हणालीस. मलाही ते तेजच दिसत होतं, माय. आपल्या घराकडे देवानं एकदा तरी पाहावं असं मलाही फार वाटत होतं.

मग एका सकाळी तिला उचलताना माझा खांदा तिच्या गालाला लागला आणि ती अशी ओरडली की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. तोंडाला घाण वास येत होता. दवाखान्यात नेऊ म्हणालो तर तू माझ्यावरच उखडलीस. "देवाचं काम चालू हाय, तिथं डाक्टर काऊन लागते?" तिला काही झालं नाही हे मला दाखवायला म्हणून तू बोटानं तिच्या ओठांत तीर्थ सोडू गेलीस. बोटावरून पू ओघळला. तू त्या बोटाकडे बघत राहिलीस. मग एवढंच म्हणालीस, "बैल जुप."

डोणगावपर्यंत बैलगाडी, पुढे एसटी. खामगावला तेव्हा दुसरा डॉक्टर होता, उतारवयाचा. पू इतका साचला होता की सुईनं जागा बधिर होईना. तू तिचं डोकं छातीशी आवळून धरलंस, मी पाय धरले. तिचा तो आवाज मला कागदावर लिहिता येत नाही. दात काढून झाल्यावर हात धुताना डॉक्टरनं विचारलं, "केव्हापासून जेवली नाही ही?"

"उपास करून राह्यली होती जी."

"उपास नव्हता तो, बाई. जबडा उघडत नव्हता तिचा. अजून थोडा उशीर केला असता तर गेली असती." हात पुसत त्यानं विचारलं, "गोड काय देता हिला?"

"काही नाही. रडली का गुयाचा खडा ठेवतो गालात."

"कोणत्या गालात?"

तुझा हात आपोआप तुझ्याच गालाकडे गेला. त्याच बाजूच्या.

घरी आल्यावर तू दारातच बायांना सांगितलंस, "जा वो बायांनो. दात दुखत होते तिचे." एकीच्या सुनेला त्याच सुमारास दिवस गेले होते. अक्कामुळेच घरी पाळणा हलणार असं धरून बसलेली ती सासू ऐकेना. "दातदुखीनं कोणाच्या घरी पायणा हालते का?" म्हणाली आणि नारळ उंबऱ्यावर ठेवून गेली. तो कुणी फोडला नाही, तिथंच सडला. त्यानंतर आपल्या घरात गूळ आला नाही, पोळ्यालाही पुरण शिजलं नाही. उपास मात्र तू वाढवलेस. कुणासाठी, ते विचारायचा धीर मला झाला नाही. अंगातल्या चोळ्या सैल होत गेल्या आणि शेवटी अंथरुणावर तू मला एकच गोष्ट सांगितलीस. "तिच्या तोंडात बोट घालत जाय. चावली तरी घालत जाय."

घालत आलो. रोज सकाळी बोटाला फडकं गुंडाळतो, मिठाच्या पाण्यात बुडवतो. ती चावते. पण दात आधीच पोखरलेले होते, ते एकेक करून गेलेच. दर वेळी ती खाणं सोडते तेव्हाच कळतं की आणखी एक दुखतो आहे. कोणता, ते तिला सांगता येत नाही. देवाला मी दोष देत नाही. पण संध्याकाळी नाम घेताना तिच्या मिटलेल्या ओठांकडे नजर गेली की मधेच थांबतो.

आज एकादशी. खामगावहून आल्यावर तुझ्या सुनेनं कण्या पातळ शिजवून गार केल्या. मी अक्काला मांडीवर घेतलं आणि तुझ्यासारखंच रिकामं तोंड हलवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटूनच ठेवले. क्षणभर माझ्याही मनात तेच आलं, जे तुझ्या मनात आलं होतं. मग मी खरा घास घेतला. चावला, गिळला, तोंड उघडून तिला दाखवलं. तेव्हा तिनं ओठ उघडले. आत नुसत्या हिरड्या. वाटी संपेपर्यंत तिला एक घास, मला एक.

हा कागद सकाळी चुलीत घालीन. तुझ्या घरात आजवर एकादशी कुणी मोडली नव्हती, म्हणून तेवढं सांगून टाकतो. पहिला घास तिच्यासाठी होता. पुढचे नव्हते. मला भूक लागली होती, माय.