‘कणगी’चा खरा आकडा

३ ऑगस्ट २०२५
‘कणगी’ दुसऱ्यांदा विकली! सकाळी आताच्या मालकाचा, रविराजचा फोन. “काकू, पुन्याची कंपनी घेतीय. बियाण्याचं दुकान आन् मासिक, दोन्ही माज्यानं न्हाई व्हत.” खरं बोलला, म्हणून रागावता आलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र चहा केला आणि प्यायचाच विसरले.

५ ऑगस्ट
पुण्याच्या कंपनीची प्रणिता कोपरगावच्या ऑफिसात आली. गोड मुलगी. पण बोलणं सरळ – पाचशे खरे वाचक निघाले तर छापील अंक चालू, नाहीतर ‘कणगी’ फक्त मोबाईलवर.
वर्गणीदारांची वही माझ्याकडे. सेहेचाळीस वर्षं. नावं आठशे बारा. त्यांतली किती माणसं उरली आहेत, देव जाणे. महिनाअखेर यादी द्यायची, मग कंपनी एकेकाला फोन करून खात्री करणार.

६ ऑगस्ट
आज नुसती जुने अंक चाळत बसले. १९७९चा पहिला. ह्यांनी शाळेतली नोकरी सोडून काढलेला. मुखपृष्ठावर खाली बारीक ओळ – या अंकाच्या प्रती २१०. लोक हसले. बाकीचे मासिकवाले आकड्यावर एक शून्य जास्तच चढवायचे. हे म्हणायचे, “शेतकऱ्याला वजन शिकवतो आणि आपण काटा मारायचा?”
अंक निघायचा त्या दिवशी सगळे जमिनीवर गोल बसायचो. शेजारची छबूबाई पातेलंभर खळ करून आणायची. मी पत्ते लिहायचे, ती वेष्टनं चिकटवायची, हे गठ्ठे बांधायचे. मग भेळ. खळीचा वास बोटांना रात्रीपर्यंत असायचा. काय दिवस होते ते. फार आठवण येते.

९ ऑगस्ट
फोन सुरू केले. मेलेल्यांवर लाल पेन्सिल. पहिलं पान शेवटी घेईन.
एका घरी मुलगा म्हणाला, “अप्पा वारले. आता मोबाईलवर असतंय की सगळं.” खोडलं. नेवाशाच्या बनुबाईंचे मालक जाऊन तीन वर्षं झाली. “पर अंक येऊ द्या बाई. नात वाचून दावती. तिचं, संस्कृतीचं, नाव लिवा.” लिहिलं. दिवसभर बरं वाटलं.

१४ ऑगस्ट
खोडलेली १६३. हात दुखतो. दुसरं काही नाही.

२१ ऑगस्ट
रविराज येऊन गेला. वहीतला लाल रंग बघत पानं उलटली. मग हळूच, “काकू, धाबारा नावं आपल्याच पाव्हन्यांची घाला की. कोन बघतंय?”
थेट बापासारखा! ह्यांचे डोळे गेले तेव्हा, शहाण्णव साली, गहिनीनाथांनी ‘कणगी’ विकत घेतली. पहिल्याच महिन्यात म्हणाले, “वहिनी, एक शून्य वाढवू. जाहिराती तरी येतील.” मी म्हटलं, मग पत्तेही दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी पिशवीभर लिंबं घेऊन दारात हजर. “ऱ्हाऊ द्या तुमचा आकडा.” मरेपर्यंत त्या ओळीला हात लावला नाही. सहा वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा गहिनीनाथ ओसरीवर अर्धा दिवस बसून होते. मालक बदलला होता, पण रीत बदलली नव्हती.
रविराजला हे सगळं सांगितलं. चांगलाच झापला. खाली मान घालून गेला.

२९ ऑगस्ट
पहिलं पान सोडून बाकी वही झाली. उरली नावं ४७१. पहिल्या पानावर एकोणतीस नावं. सगळी सुरुवातीची माणसं. धीर होत नाही.

३० ऑगस्ट
पहिलं पान केलं. आश्चर्य म्हणजे अठ्ठावीसही घरांतून “अंक हवा” म्हणाले. तिघांच्या नातवंडांनी नावं बदलून घेतली. यादी पाठवली. एका नावाशी पेन्सिल नेली आणि मागे घेतली.

२ सप्टेंबर
दुपारी प्रणिताचा फोन. “काकू, ४९९ घरांची खात्री झाली. एकच राहिलंय. वर्गणीदार क्रमांक एक, मार्तंड धर्माधिकारी. नंबर तुमचाच लागतोय. आहेत का ते?”
मालकानंही अंक फुकट घेऊ नये म्हणून ह्यांनी पहिली वर्गणी स्वतःची भरली होती. ते गेल्यावरही दर महिन्याला त्यांच्या नावाचं वेष्टन मीच लिहिते, मीच पोस्टात टाकते, आणि मीच दारात घेते.
म्हटलं, “आहेत. अंकाची वाट बघतायत.”
या अंकाच्या प्रती ५००.