गोठ्यातली होडी

आबा,

तुमी डेअरीला गेल्यावर मी गोठ्यातल्या होडीवरची ताडपत्री काढली. बॅटरी कालच राधानगरीत चार्ज करून आणलेली, तरी किल्ली फिरवली की नुसतं 'टक' व्हायचं, इंजिन काय फिरंना. मग दिसलं. बॅटरीला जोडायच्या वायरींच्या टोकांवर पांढरी पूड साचलीया आणि तिच्याखाली हळद-कुंकवाचे थर! झेंडूची एक वाळकी पाकळी बी चिकटलीया.

सोड्याच्या गरम पाण्यानं टोकं धुतली, घासली. तरी बी तेच. शेवटी इंजिनाजवळची अर्थिंगची वायर हातात तुटून आली, आतनं पार कुजलेली. नवी आणायला कोल्हापूरला चाललेय. भाकरी टोपल्यात हाय, आमटी गरम करून घ्या. मी येईस्तोवर किल्लीला हात लावू नका, टाकीजवळ पेट्रोलचा वास येतोय. आणि बॅटरी तर उचलूच नका, डॉक्टर काय म्हणालेत ते ध्यानात हाय न्हवं?

आता एक सांगते, राग मानू नका. "पोरीच्या जातीनं धरणात होडी चालवायची न्हाय, भंगारात घालतो ती," असं ओरडून तुमीच मला पुण्याला घालवलं. दोन वर्षं फोनवर बी धड बोलला न्हाई. आई गेल्यापासनं या घरात तुमी एकटंच. मग खंडेनवमीला माझी होडी पुजत कोण होतं?

औंदा कुंकू होडीच्या तोंडाला लावा, बॅटरीला नको. नारळ मी येताना आणते. पहिल्या फेरीला पुढं तुमीच बसायचं.

स्वप्नाली