डोंगराच्या पायऱ्या आणि पुराची रेघ

३ नोव्हें., सोम. सांगली.

पुस्तिकेची प्रुफं आली. 'नोहाचा जलप्रलय आणि आपले डोंगर', दुसरी आवृत्ती. मुखपृष्ठावर छापखान्यावाल्याने हिमालय टाकलाय. बर्फासकट! 'आपले डोंगर' म्हणजे सातारचे रे बाबा, असं फोनवर ओरडलो. तो थंडपणे म्हणतो, "सर, नेटवर ह्योच बरा दिसला." आता फोटो मीच काढून आणणार. बुधवारी सातारा.

ता. २३ ला उपासनेनंतर प्रकाशन. पास्टर साहेबांनी अर्धा तास दिलाय बोलायला. पप्पा जिथून उपदेश करायचे त्याच जागेवरून, त्यांच्याच विषयावर. आई पहिल्या रांगेत बसणार. चौऱ्याऐंशीची झाली, पण त्या दिवसाची साडी आत्तापासून काढून ठेवलीय.

शैलाला म्हटलं, रोहिणीला कळव. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमची पण मुलगी आहे ती. तुम्ही कळवा." विषय संपला. सहा वर्षं हा विषय असाच संपतो.

५ नोव्हें., बुध. परतीच्या एस.टी.त.

अक्षर वाकडं येतंय. गाडी हलतेय म्हणून, असं म्हणू.

घाटात रस्ता रुंद करायला डोंगर कापलाय, तिथे उतरलो. समोर सगळे पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर. पुस्तिकेत मी लिहिलंय तेच: पूर ओसरताना भिंतीवर जशा रेघा उरतात, तशा या बायबलातल्या नोहाच्या जगबुडीच्या, जलप्रलयाच्या रेघा. सांगलीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीच्या वर अजून रेघ आहे, दोनदा रंग देऊनही दिसते. फोटो घेतले. पप्पांचा दगड पिशवीत होता, शिंपल्यांनी भरलेला. सातारच्या डोंगरमाथ्यावर त्यांना सापडलेला. डोंगरावर शिंपले म्हणजे पाणी तिथवर होतं, आणखी पुरावा काय पाहिजे? गेली कितीतरी वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत तो मुलांच्या हातात देतोय. कड्याला टेकवून त्याचाही फोटो काढावा म्हणत होतो.

कडेला एक म्हातारा पाटे-वरवंटे घडवत बसलेला. यल्लाप्पा नाव. वडार समाजाचा, सगळा जन्म दगडात गेला म्हणाला. मी आपला मास्तरकीच्या सवयीने सांगायला लागलो, काका, हे थर प्रलयाचे आहेत, सगळं जग बुडालं होतं. त्याने छिन्नी खाली ठेवली.

"कुठलं गाव सायेब?"

"सांगली."

"मग पुराचा गाळ काडला आसंल की घरातनं. काय काय घावलं त्यात?"

चपला, भांडी, पत्रे, शाळेची दप्तरं, मेलेल्या कोंबड्या, कुणाचं तरी मंगळसूत्र. सांगितलं सगळं. त्याने कड्याकडे बोट केलं. "आन् हितं? काडी तरी दावा. समदं जग बुडलं म्हंतायसा, मग हाडकं कुटं गेली?"

तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने मला हाताला धरून कड्यापाशी नेलं. काळ्या दगडाच्या मधोमध लाल पट्टा, कुठे वीतभर, कुठे हातभर. "ही माती हाय, दगड झिजून झाल्याली. भाजल्याली. वरनं लाल, खाली खाली फिकी. वीटभट्टी मोडल्यावर खालची जमीन बगा, आशीच आस्ती. हिच्यावरनं दगडाचा तापल्याला रस गेलाय." त्याच्यावर काळा थर. त्याच्यावर पुन्हा लाल. पुन्हा काळा, पुन्हा लाल. मी तीन मोजले.

"दगडाची माती व्हायला किती दिस लागत्यात? माज्या आज्यानं फोडल्याला दगड खालच्या पुलाला हाय. आजून छिन्नीचा घाव दिसतोय त्यावर."

म्हणजे तीनदा दगडाची माती झाली आणि तीनदा ती भाजली. आणि मी छापलंय की हे सगळं एका वर्षात झालं, पाण्याखाली. पाण्याखाली माती भाजेल कशी? हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. एकदाही! चौथीच्या पोराला पडला असता.

शेवटचा आधार म्हणून पप्पांचा दगड काढला. यल्लाप्पाने उलटसुलट करून बघितला. "ह्यो हितला न्हाई. कोकणातला. समुद्राच्या कडंला घावतो, करल म्हंत्यात. दोन साल तिकडं कामाला हुतो मी, भित्ती बांदत्यात ह्येच्या. कुनी दिला?"

"वडिलांनी."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि मला चहा पाजला.

फोटो चांगले आलेत. आता काय करू त्यांचं?

६ नोव्हें., गुरु.

कुणाला काही बोललो नाही. शैलाने विचारलं, "ऊन लागलं का?" हो म्हटलं.

रोहिणी पुण्याला भूशास्त्र शिकली. सहा वर्षांपूर्वी याच खोलीत म्हणाली होती, "बाबा, मला भांडायचं नाही. फक्त एकदा तो लाल थर बघून या." आणि मी म्हणालो होतो, माझ्या बापाला खोटं ठरवणारीने या घरात पाय ठेवू नये. ती गेली. आई रडली, शै. रडली, मी जेवलो. व्यवस्थित जेवलो, ताक मागून घेतलं. हे आज आठवतंय.

लाल थर. नेमका हाच शब्द तिने वापरला होता आणि मी विचारलंसुद्धा नाही की म्हणजे काय.

१० नोव्हें., सोम. पलूस.

चार दिवस मनाला सांगत होतो, दगड फोडणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं. मग त्याचीच लाज वाटली. तो दगड फोडतो म्हणूनच त्याला कळणार ना! मी काय फोडलंय आयुष्यात? खडू.

पलूसच्या पुढे गेल्या हंगामातल्या वीटभट्टीची मोकळी जागा दिसली. मालकाला विचारून खुरप्याने उकरायला लागलो. तो म्हणाला, "सर, काय हारवलंय का?" वर चार बोटं विटेसारखी लाल. खाली तांबूस. मग आपली नेहमीची काळी माती. हुबेहूब घाटातला पट्टा! खुरपं टाकून तिथेच मातीत बसलो. मालक घाबरला, पाणी आणलं. "बी.पी. हाय का सर तुमाला?"

आता आहे बहुतेक.

१२ नोव्हें., बुध.

आई मेथी निवडत होती. दगड समोर ठेवला. विचारलं, हा पप्पांना कुठे सापडला?

"ठाऊक हाय की तुला. डोंगरावर."

"आई."

हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, सापडला नव्हता. एक पाहुणे उपदेशक आले होते, त्यांनी दिला, डोंगरावरचा म्हणून. पप्पांनी विश्वास ठेवला. "त्यांना सापडला, हे तूच म्हणायला लागलास पोरांना. त्यांनी खोडलं न्हाई, एवढंच."

मीच! आठवून बघतोय. पप्पा स्वतः असं कधी म्हणाल्याचं खरंच आठवत नाही.

पण पुढे ऐकलं ते वाईट. मी नुकता रविवारच्या शाळेत शिकवायला लागलो होतो तेव्हा आईपप्पा कोकणात एका लग्नाला गेले होते. तिथे समुद्राजवळ अख्खी भिंत याच दगडाची. पप्पा त्या भिंतीपुढे उभे राहिले. पंगत बसली, लोक बोलवायला आले, तरी हलेनात.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू तो दगड हातात घेऊन इतका रंगून सांगायचास. त्यांचं धाडसच होईना. दरसाली म्हणायचे, यंदा सांगतो त्याला."

कोकणातून आल्यावर पप्पांनी तो दगड पुन्हा हातात घेतला नाही. 'आता तू सांग, मला दम लागतो' म्हणायचे. मला वाटायचं, वारसा देतायत. अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन. आज इतका राग आला त्यांचा की फोटोकडे बघवेना.

आणि आईचाही. म्हटलं, मी रोहिणीला हाकललं तेव्हा तू इथेच होतीस! तुला सगळं माहीत होतं!

"व्हय," म्हणाली. "हिथंच हुते." मग पुन्हा मेथी निवडायला लागली. निवडलेली आणि न निवडलेली एकत्र करत होती. मी उठून बाहेर गेलो.

१६ नोव्हें., रवि.

रविवारची शाळा. पोरं म्हणाली, सर, दगड दाखवा ना. म्हटलं, घरी विसरला. चर्चमध्ये उभं राहून खोटं बोललो, तेही आठ-नऊ वर्षांच्या पोरांशी. दगड पिशवीत होता.

शै.ला घरी येऊन सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पोरगी बरोबर होती." मी म्हटलं, हो. "मग मला काय सांगताय? तिला सांगा." तिने मला जेवायला वाढलं, स्वतः नाही जेवली.

धीर होत नाही. काय म्हणू तिला? सहा वर्षं गेली आणि आता म्हणू की तपासून बघितलं, तुझं बरोबर निघालं? पेपर तपासल्यासारखं?

१९ नोव्हें., बुध.

पास्टर साहेबांना भेटलो. चांगला माणूस, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, पुस्तिका नको तर नको. पण लोकांचा विश्वास हलवू नका. रविवारी प्रार्थनेवर बोला. दगडाचा विषय टाळा."

टाळा. पप्पांनी तेच केलं. दरसाली टाळलं, प्रेमापोटी टाळलं, आणि त्यावर मी पुस्तिका लिहिली, मुलगी घालवली.

छापखान्याला फोन केला, काम थांबवा. तो म्हणतो, "का सर? हिमालयच टाकू का परत?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, फोन ठेवला.

२३ नोव्हें., रवि.

बोललो.

लिहून नेलेलं वाचलंच नाही. म्हटलं, पूर पवित्र शास्त्रात आहे, तो मी वाचत आलोय आणि वाचत राहीन. पण आपल्या डोंगरात त्याची साक्ष आहे असं मी तुम्हाला सांगत आलो, ती साक्ष तिथे नाही. भाजलेल्या मातीचं सांगितलं. सांगलीच्या गाळाचं सांगितलं. दगड कोकणातला आहे हे सांगितलं. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना मीच हे त्यांच्या लहानपणी शिकवलंय. चूक शिकवलं. माफ करा.

पप्पांना कळलं होतं, हे सांगणार नव्हतो. पण अर्धं सांगितलं तर मीही टाळणाराच, म्हणून तेही सांगितलं. आईकडे बघवलं नाही.

मागून एक जुने सभासद उभे राहिले. "म्हणजे पवित्र शास्त्र खोटं का सर?" म्हटलं, मी दगडांविषयी आणि माझ्याविषयी बोलतोय. ते बसले नाहीत, निघून गेले. त्यांच्यामागे आणखी काही जण. माझेच विद्यार्थी! पास्टर साहेबांनी घाईघाईने आशीर्वाद दिला. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, काही दिवस रविवारची शाळा दुसरं कुणी बघेल. बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पस्तीस वर्षं रविवारी सकाळी मी कुठे जायचं हे मला ठाऊक होतं.

आईला रिक्षात बसवताना तिने हात घट्ट धरला. वाटलं ओरडेल. म्हणाली, "इतका वेळ लागायला नको हुता." पप्पांबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, विचारलं नाही.

२५ नोव्हें., मंगळ.

सकाळी दहाला रोहिणीला फोन केला. शै.ने तिच्या मोबाईलवरून नंबर लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेली. दार मात्र उघडं ठेवलं.

"हॅलो आई."

"मी बोलतोय."

"आजीला काही झालं का?" सहा वर्षांनी बापाचा फोन आला की पोरीला पहिलं हेच वाटतं. ही माझी कमाई.

नाही म्हटलं, सगळे बरे आहेत. घाटात गेलो होतो. लाल थर बघितला. तीन आहेत.

मग मी बांध फुटल्यासारखा सुटलो. यल्लाप्पा, भट्टी, कोकण, आजोबा, रविवारचं भाषण. तिने एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणालो, तुझं बरोबर होतं.

"बाबा, माझं बरोबर होतं हे मला माहीत होतं," म्हणाली. आवाज चढवला नाही. "थरांसाठी गेले नव्हते मी. तुम्ही म्हणालात घरात पाय ठेवू नकोस, म्हणून गेले."

भाषणात अर्धा तास बोलणारा माणूस, इथे दोनच वाक्यं निघाली. कसंबसं म्हटलं, ते चुकलं. ते सगळ्यात जास्त चुकलं.

तिने विचारलं, "आजोबांना खरंच माहीत होतं?"

"हो."

"आणि शेवटपर्यंत त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही."

"नाही."

"हं. मला तरी तुम्ही सांगितलंत."

म्हटलं, नाताळला येशील का? घाईच केली, लगेच कळलं.

"बघते," म्हणाली, आणि आईला फोन द्या म्हणाली. दिला.

आमच्या घरात 'बघते' म्हणजे नाही. शै. म्हणते, दर वेळी तसं नसतं.